४,२९,४९,६७,२९७ : फर्माला चकवणाऱ्या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या नेमकी कोणती, आणि वाचायची कशी?

चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. दहा अंकी, विषम. लिहायला लांब वाटली तरी तिची घडण सोपी आहे: २ ला २ ने गुणत गुणत ३२व्या घातापर्यंत जा आणि त्यात १ मिळवा. थोडक्यात २^३२ + १. (या पानावर ^ ही खूण घातांकासाठी वापरली आहे.)

एवढ्या संख्या पडल्या असताना हीच का?

कारण तिच्याबद्दल एका फार मोठ्या गणितज्ञाचा अंदाज चुकला, आणि ती चूक दुसऱ्या तितक्याच मोठ्या गणितज्ञाने पकडली. शिवाय तिचे गुणधर्म कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात. शेकडो अंकी संख्यांबद्दल सांगितलेलं आपण विश्वासावर मान्य करतो. इथे तसं करावं लागत नाही. खालचं जवळपास सगळं शाळेतल्या भागाकाराने पडताळता येतं, आणि तुम्ही ते पडताळून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे याहून पुढे फोड होत नाही.

मग ती मूळ आहे असं कुणाला आणि का वाटलं?

पिएर द फर्माला. १६४० साली फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रकारच्या संख्यांची रांग मांडली: ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि त्यापुढे आपली ही संख्या. घातांक दर वेळी दुप्पट होतो: २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १, २^३२ + १. पहिल्या पाचही मूळ आहेत. रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असणार, असं त्याला वाटलं. पूर्ण सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने पत्रात कबूल केलं होतं, पण पुष्कळ भाजक आपण बाद केलेत, असंही लिहिलं होतं.

या संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात आणि त्यांची मोजणी शून्यापासून करतात. म्हणून ३ ही शून्यावी, ६५५३७ ही चौथी आणि आपली संख्या पाचवी. इथून पुढे ‘पाचवी’ म्हटलं की हीच समजा.

घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असेच का? ३० किंवा ३१ का नको?

घातांकात १ पेक्षा मोठा विषम अवयव असला की २^घातांक + १ ही संख्या हमखास फुटते. २^६ + १ = ६५ घ्या. ६ मध्ये ३ हा विषम अवयव आहे, म्हणून ६५ ला २^२ + १, म्हणजे ५ ने भाग जातो. तसाच २^३० + १ ला ५ ने जातो आणि २^३१ + १ ला ३ ने जातो. मूळ संख्या मिळण्याची आशा धरायची तर घातांकात २ शिवाय दुसरा मूळ अवयव नको. फर्माने रांग निवडली ती अशी विचार करून निवडली होती, हे त्याची चूक सांगताना विसरता कामा नये.

चूक कोणी पकडली?

लिओनार्ड ऑयलरने, १७३२ साली. फर्माच्या मृत्यूला तेव्हा ६७ वर्षं झाली होती आणि ऑयलर २५ वर्षांचा होता. फर्माचं हे विधान ऑयलरच्या कानावर घातलं ख्रिस्तियान गोल्डबाखने, डिसेंबर १७२९ मधल्या एका पत्राच्या ताज्या कलमात. सगळ्या सम संख्यांबद्दलच्या प्रसिद्ध अटकळीमुळे आपण ओळखतो तोच हा गोल्डबाख. ऑयलरने उत्तर दिलं: पाचव्या संख्येला ६४१ ने भाग जातो.

६४१ ने खरंच भाग जातो का? भागाकार करून दाखवा.

जरूर. हा भागाकार मला फार आवडतो.

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा: ३८४६. बाकी ४४८.
९ खाली घ्या, ४४८९. सात वेळा: ४४८७. बाकी २.
६ खाली घ्या, २६. भाग शून्य.
७ खाली घ्या, २६७. पुन्हा शून्य.
२ खाली घ्या, २६७२. चार वेळा: २५६४. बाकी १०८.
९ खाली घ्या, १०८९. एकदा. बाकी ४४८.
शेवटचा ७ खाली घ्या, ४४८७. सात वेळा, नेमके. बाकी शून्य.

भागाकार ६, ७, ०, ०, ४, १, ७. पहिल्याच पायरीवर आलेली ४४८ ही बाकी शेवटाकडे पुन्हा येते. पहिल्या वेळी तिच्या शेजारी ९ बसतो आणि २ उरतात, दुसऱ्या वेळी ७ बसतो आणि काहीच उरत नाही. मी हे पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा तो शेवटचा ४४८७ बघून पेन खाली ठेवला आणि बराच वेळ त्या कागदाकडे नुसता बघत राहिलो. सात ओळींचं काम होतं.

पण ६४१ हाच अवयव निवडायचा हे कसं सुचलं? सगळ्या मूळ संख्या एकेक करून तपासल्या?

तसं करायला गेलं तरी जमलं असतं: ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. म्हणजे ११६ भागाकार. कंटाळवाणं काम, पण अशक्य नाही. मात्र आपल्याला आधी माहीत नसतं की भाग ११६व्या प्रयत्नात जाणार आहे. संख्या मूळ असती तर खात्री होण्यासाठी ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ६५४२ मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं.

सुदैवाने एवढं करायची गरज नाही. पाचव्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावाच लागतो. १७३२ मध्ये निकाल सांगताना ऑयलरने ही रीत दिली नव्हती; तिची सिद्धता त्याने नंतरच्या लेखात मांडली. ती अशी.

समजा, म ही मूळ संख्या २^३२ + १ ला नि:शेष भागते. मग २^३२ ला म ने भागल्यावर बाकी −१ धरता येते (म्हणजे म ला एक कमी). दोन्हींचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. २ चे घात एकेक करून म ने भागत गेलं तर बाक्यांचं एक चक्र तयार होतं, आणि बाकी १ आली की ते चक्र पुरं झालं. आपल्या बाबतीत चक्र ६४ पायऱ्यांत पुरं होतं. ते आणखी छोटं असू शकेल का? छोटं असतं तर त्याची लांबी ३२ किंवा ३२ ची एखादी भाजक असती, आणि मग ३२व्या पायरीवर बाकी +१ आली असती. तिथे तर −१ आहे. म्हणून चक्र बरोबर ६४ चं. आता फर्माचं छोटं प्रमेय: म−१ व्या पायरीवर बाकी १ येतेच. म्हणजे म−१ मध्ये ६४ चं चक्र पूर्ण संख्येने बसलं पाहिजे. म्हणून म−१ ला ६४ ने भाग जातो.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या संख्येला १९३ ने भागलं तर बाकी १०९, २५७ ने २, ४४९ ने ३२५, ५७७ ने २८८, आणि ६४१ ने शून्य. ११६ प्रयत्नांच्या जागी पाच.

१८७८ मध्ये ल्युका याने हा नियम आणखी कडक केला: ६४ च्या जागी १२८. मग यादीत ६४१ च्या आधी एकटी २५७ उरते.

इथे एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. ज्या छोट्या प्रमेयावर हे सगळं उभं आहे ते फर्माचंच, आणि १६४० सालच्याच एका पत्रातलं. ६४१ पर्यंत पोहोचायला लागणारं हत्यार त्याच्या हातात होतं. भाजक बाद करताना कुठेतरी हिशेब चुकला असावा, असा तर्क पुष्कळ जण करतात. मला तो पटतो.

भागाकार न करता ६४१ चा भाग जातो हे दाखवता येईल का?

येईल, आणि तेही चार ओळींत. ६४१ च्या दोन ओळखी लक्षात ठेवा:

६४१ = ६४० + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

दुसरी ओळख २^२८ ने गुणा: ५^४ × २^२८ + २^३२. हिला ६४१ ने भाग जातो.
पहिल्या ओळखीतून: ५^४ × २^२८ म्हणजे (५ × २^७)^४, म्हणजेच ६४०^४. आणि ६४०^४ − १ ला ६४० + १ ने, म्हणजे ६४१ ने भाग जातो.
दोन्हींची वजाबाकी केली की ५^४ × २^२८ उडून जातो आणि २^३२ + १ उरतो.

६४१ ने भाग जाणाऱ्या दोन संख्यांची वजाबाकी, म्हणून तिलाही ६४१ ने भाग जातो. सिद्धता म्हणून ही सर्वांत नेटकी. पण ६४१ कुठून आला हे ती सांगत नाही. उत्तर ठाऊक असणाऱ्याने ती मागाहून रचलेली आहे. शिकायला म्हणाल तर वरची चक्राची सिद्धता मी जास्त मोलाची मानतो.

६७००४१७ मूळ आहे हे कशावरून?

हीही पाचव्या संख्येचीच अवयव, त्यामुळे तिचे मूळ अवयवही १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार. तिचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये येतं. तेवढ्या मर्यादेत १२८ क + १ या रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. भागून बघा. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकीनेही भाग जात नाही. पाच भागाकारांत ६७ लाखांवरची संख्या मूळ ठरते.

ती दोन वर्गांची बेरीज आहे असं म्हणतात. त्यात विशेष काय?

वर्गांची बेरीज असणं उघडच आहे: २^३२ हा ६५५३६ चा वर्ग, म्हणून ४२९४९६७२९७ = ६५५३६² + १². विशेष हे की ती आणखी एका रीतीने दोन वर्गांची बेरीज होते:

४२९४९६७२९७ = ६२२६४² + २०४४९²

पडताळा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. जुळतं. (आणि २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.)

४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच रीतीने लिहिता येते. हे फर्माने सांगितलं आणि ऑयलरने सिद्ध केलं. दोन वेगळ्या रीती सापडल्या की संख्या मूळ नाही, हे तिथेच ठरतं. एवढंच नाही, त्या दोन रीतींतून अवयवही बाहेर काढता येतात. बघा:

६५५३६² − ६२२६४² = २०४४९² − १²

दोन्ही बाजू वर्गांच्या फरकाच्या सूत्राने फोडा:

३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०

आता ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८: ३२७२ = ८ × ४०९, २०४४८ = ८ × २५५६. तसाच १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०: १२७८०० = ५० × २५५६, २०४५० = ५० × ४०९. तेच ४०९ आणि २५५६ पुन्हा आले. मसाविंची निमपट करा, ८ चे ४ आणि ५० चे २५. मग:

४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७

दोन्ही अवयव, आणि तेही वर्गांच्या बेरजेच्या रूपात. पहिल्या भेटीत हे बघून माझा विश्वास बसेना. मी तीनदा गुणाकार करून पाहिला. या संख्येबद्दल कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगतो.

फर्माची स्वतःची अवयव पाडण्याची रीत होती ना? ती इथे का चालली नाही?

ती रीत म्हणजे संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिणे. पाचव्या संख्येसाठी तो फरक असा: ३३५०५२९² − ३३४९८८८². शोध सुरू होतो वर्गमूळाच्या वरच्या पहिल्या पूर्ण संख्येपासून, म्हणजे ६५५३७ पासून, आणि एकेक पाऊल पुढे जात ३३५०५२९ पर्यंत पोहोचावं लागतं. जवळजवळ ३३ लाख पावलं. अवयव एकमेकांच्या जवळ असले तर ही रीत झटपट काम करते. इथे एक तीन अंकी, दुसरा सात अंकी.

अवयव न शोधता ती संयुक्त आहे हे कळू शकतं का?

हो. पण त्यात एक मेख आहे.

छोट्या प्रमेयाप्रमाणे संख्या मूळ असेल तर २ चा (संख्या−१) वा घात त्या संख्येने भागल्यावर बाकी १ यायला हवी. पाचव्या संख्येवर हे करून बघितलं तर बाकी १ च येते! कारण २^६४ लाच बाकी १ येते, आणि संख्या−१ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने भाग जातो. म्हणजे २ ची कसोटी ही संख्या बिनदिक्कत पास होते, मूळ नसताना. सगळ्याच फर्मा संख्या ही कसोटी पास होतात, म्हणून त्यांच्या बाबतीत २ ची कसोटी निरुपयोगी.

३ घेतला की खरं बाहेर येतं. १८७७ मध्ये पेपँ याने दाखवलं की ३ पासून सुरुवात करून, दर वेळी वर्ग करून फर्मा संख्येने भागून बाकी ठेवत गेलं, तर ठरावीक पायरीवर बाकी −१ आली तरच ती संख्या मूळ. पाचव्या संख्येसाठी अशा ३१ पायऱ्या: ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१. इथपर्यंत भागायची गरजच पडत नाही. पाचव्या पायरीला पहिल्यांदा भागावं लागतं आणि बाकी येते ३७९३२०१४५८. असं करत ३१व्या पायरीला बाकी १०३२४३०३ येते. मूळ असती तर ४२९४९६७२९६ यायला हवी होती. आणखी एक वर्ग केला तर ३०२९०२६१६०, जिथे १ हवा होता.

दहा अंकी संख्यांचे २७ वर्ग आणि २७ भागाकार. एखाद्या चिकाटीच्या माणसाचं दोन-चार दिवसांचं काम. पण यातून अवयव मात्र कळत नाहीत; संख्या फुटते एवढंच कळतं.

शेवटचा अंक ७ हा योगायोग आहे का?

नाही. १७ पासून पुढच्या सगळ्या फर्मा संख्या ७ नेच संपतात. एक संख्या ७ ने संपली की तिच्यातून १ वजा केल्यावर ६ उरतो, ६ चा वर्ग ३६, त्यात १ मिळवला की पुन्हा शेवटी ७.

भाजक किती? त्यांची बेरीज किती? अंकांची बेरीज किती?

भाजक चार: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. चौघांची बेरीज ४३०१६६८३५६. स्वतःला वगळलं तर ६७०१०५९, म्हणजे ती परिपूर्ण संख्येच्या (स्वतःला वगळून बाकीच्या भाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते अशा संख्येच्या) जवळपासही नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक भाजक नसलेल्या) अशा संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. अंकांची बेरीज ५९. ती कुठल्याही वर्गसंख्येने (१ सोडून) भागली जात नाही.

तिच्यातून २ वजा केले तर काय होतं?

हा प्रश्न फार चांगला आहे. ४२९४९६७२९५ मिळते, आणि ती म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५

हे नेहमीच होतं: कुठल्याही फर्मा संख्येतून २ वजा केले की आधीच्या सगळ्यांचा गुणाकार मिळतो. त्यामुळे कुठल्याही दोन फर्मा संख्यांत सामाईक अवयव नसतो. असता तर त्याने २ लाही भाग जायला हवा, आणि या सगळ्या विषम. गोल्डबाखने ऑयलरला हे कळवलं होतं. यातून मूळ संख्या अनंत आहेत हेही आपोआप मिळतं, कारण प्रत्येक फर्मा संख्या निदान एक तरी नवी मूळ संख्या घेऊन येते.

आता भूमितीकडे वळू. कार्ल फ्रीडरिश गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या १९व्या वाढदिवसाआधी, १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपासने काढता येते हे शोधलं. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. तशी नसेल तर आकृती काढता येत नाही, याची सिद्धता वाँत्झेलने १८३७ मध्ये पुरी केली. आज माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच, त्यामुळे पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या ३१ आकृत्याच ठाऊक आहेत. त्यातली सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची.

म्हणजे ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, आणि तिच्याहून दोनच बाजू जास्त असलेली आपली ४२९४९६७२९७ बाजूंची काढता येत नाही.

पास्कलच्या त्रिकोणाशी तिचं काय नातं?

पास्कलचा त्रिकोण, म्हणजेच मेरुप्रस्तार, लिहा. प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० ठेवा. प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७… वरच्या टोकाचा १ सोडला तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे नेमक्या वर सांगितलेल्या ३१ आकृत्यांच्या बाजू, त्याच क्रमाने. शेवटची ओळ सगळी १ ची, ४२९४९६७२९५. आणि तिच्या लगेच खालची ओळ? दोन टोकांना १, मध्ये ३१ शून्यं. तीच आपली संख्या. नक्षी पुढे चालू राहते, पण आकृत्यांशी असलेलं नातं या ओळीवर तुटतं, कारण इथे ६४१ आडवा येतो.

कॉम्प्युटरवर ही संख्या कधीकधी १ का होते?

३२ बिटांच्या जागेत बिनचिन्ह पूर्णांक ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतात. आपल्या संख्येला ३३ बिट लागतात. सर्वांत डावीकडचा बिट सांडला की मागे ३१ शून्यं आणि एक १ उरतो. पडताळणीसाठी प्रोग्रॅम लिहीत असाल तर ६४ बिटांचे पूर्णांक घ्या. आणि पेपँची कसोटी करताना वर्ग त्याहूनही मोठा होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

१ ला ६४१ ने भागलं तर काही गंमत दिसते का?

दिसते. दशांश अपूर्णांक ३२ अंकांनी पुन्हा सुरू होतो:

०.००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९…

मध्ये जागा सोडली आहे ती मुद्दाम. पहिल्या १६ अंकांतला प्रत्येक अंक पुढच्या १६ मधल्या त्याच जागेवरच्या अंकात मिळवा: ० आणि ९, ० आणि ९, १ आणि ८, ५ आणि ४. सगळीकडे ९. कारण १०^१६ + १ लाही ६४१ ने भाग जातो. आणि तेही ५^४ + २^४ = ६४१ या ओळखीमुळेच; ५ चे घात आणि २ चे घात ६४१ च्या दरबारात एकमेकांशी बांधलेले आहेत.

पुढच्या फर्मा संख्यांचं काय झालं?

सहावी, म्हणजे २^६४ + १, वीस अंकी: १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. ही फोड लाँद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी प्रसिद्ध केली. सातवी १९७० मध्ये फुटली, आठवी १९८० मध्ये, नववी १९९० मध्ये. अकरावी १९८८ मध्ये आणि दहावी त्यानंतर, १९९५ मध्ये. बाराव्या संख्येची पूर्ण फोड अजून झालेली नाही. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे ठरलं आहे; तेहतिसाव्याचा निकाल बाकी आहे. विसाव्या आणि चोविसाव्या संख्येची तऱ्हा तर विलक्षण: दोन्ही संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण दोघींचा एकही अवयव हाती लागलेला नाही.

६५५३७ नंतर एकही फर्मा मूळ संख्या सापडलेली नाही.

पाचव्या संख्येच्या शेजारी खऱ्या मूळ संख्या कुठे आहेत?

खाली ६ पावलांवर ४२९४९६७२९१, आणि वर १४ पावलांवर ४२९४९६७३११. या दोघींच्या मधल्या १९ संख्या सगळ्या संयुक्त आहेत, आपली धरून.